चौकाकडे पाठ

तात्यांना पाहुणे आलेले आवडत नसत, आणि सांगलीच्या भर चौकात त्यांचं नऊ मजली आलिशान हॉटेल होतं. रिसेप्शनसमोरच्या गुबगुबीत सोफ्यावर एक पाय वर घेऊन, पांढरी टोपी गुडघ्यावर अडकवून ते सकाळपासून बसत आणि बॅगा घेऊन आत येणाऱ्या प्रत्येकाला चोरासारखं न्याहाळत. एखाद्याने "भाडं जरा कमी करा की" म्हटलं, की सोफ्यावरून आवाज यायचा, "घर न्हाई व्हय तुमास्नी?" मी तिथे फ्रंट ऑफिस मॅनेजर होते. हसून स्वागत करण्याचा पगार मला मिळायचा आणि ज्याचं स्वागत करायचं त्याला मालक माझ्यादेखत हाकलायचे. अशी पाच-सहा वर्षं मी काढली. मला तात्या आवडत नव्हते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको.

मी साताऱ्याची. गोव्यातली बरी नोकरी सोडून आईला घेऊन सांगलीत आले होते, कारण आईच्या गुडघ्यांना गोव्याची हवा मानवत नव्हती. मुलाखतीला गेले तर तात्यांनी माझी प्रमाणपत्रं उलटीच धरली, वाचली नाहीतच, आणि विचारलं, "भांडता येतं का?" मी म्हटलं, वेळ आली तर येतं. "साताऱ्याची मानसं ग्वाड बोलत्यात. मला ग्वाड नगं. फौजेत आमी ग्वाड बोलनाऱ्याला पयल्यांदा ड्यूटीवर पाठवायचो." मग शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाला म्हणाले, "ठेवून घे. तोंडावरनं तरी खवट दिसतीया." ही माझी नेमणूक.

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, पलूसकडच्या उसाच्या रानातला हा माणूस हॉटेलच्या धंद्यात कसा पडला, हे कळायला मला एक आठवडा लागला. पहिल्याच दिवशी मी चौकातून आले आणि थेट भटारखान्यात शिरले. नंतर पाहिलं तर प्रत्येक नवा पाहुणा हेच करत होता. कारण आमच्या हॉटेलची चौकाकडे पाठ होती. मोठ्या रस्त्यावर एक प्रचंड आंधळी भिंत, तिच्यात धूर ओकणारे पंखे, कचऱ्याचे डबे, धोब्याच्या गाड्या. काचेचं दार, कारंजं, संगमरवरी पायऱ्या हे सगळं मागच्या बोळात, जिथे लग्नाची बस वळता वळत नसे आणि नवरदेवाला बोळाच्या तोंडाशी उतरून चालत यावं लागे. आर्किटेक्टने तोंड चौकाकडेच काढलं होतं. तात्यांनी नकाशा हातात घेतला आणि जागच्या जागी फिरवला. "त्याचं त्वांड बघायला मी काचा लावू व्हय?"

तो म्हणजे बाळासाहेब, तात्यांचा धाकटा सख्खा भाऊ. वडिलांची हळदीची दोन गोदामं होती, रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर. वाटणीत एकेकाला एकेक आलं. बाळासाहेबांनी खाली गोदाम आणि वर घर असं जुनंच चालू ठेवलं. तात्यांनी फौजेतून आल्यावर हमरस्त्याकडची जमीन विकली आणि आपलं गोदाम पाडून हॉटेल उभं केलं. कशासाठी, हे ते कुणालाही बिनदिक्कत सांगत. बाळासाहेब सकाळी अंगणात हळदीला ऊन द्यायला पसरत. नऊ मजले झाल्यावर त्या अंगणात अकरा वाजेपर्यंत ऊन यायचं बंद झालं. "सावलीत वाळीव म्हनावं आता," असं म्हणून तात्या हसत. ते हसलेले मी फार वेळा पाहिले नाहीत, आणि पाहिले ते असल्याच कारणांसाठी.

बाळासाहेबही काही संत नव्हते. आमच्या चादरी गच्चीवर वाळत पडल्या आणि वारा आमच्या दिशेला असला, की समोर हळद पॉलिश करायचं यंत्र हटकून सुरू व्हायचं. पिवळा धुरळा उठायचा आणि पांढऱ्याशुभ्र चादरी हळदीला बसलेल्या नवरीसारख्या होऊन खाली यायच्या. पाहुण्यांची तोंडं मी पाहायची, माफी मी मागायची. तात्यांना सांगितलं तर म्हणायचे, "पिवळी तर पिवळी. झोपायची हाय का चाटायची?" त्या दोन म्हाताऱ्यांचं भांडण आणि मधे मी, रोज इस्त्रीची साडी नेसून.

भांडणाचं मूळ त्यांच्या आईच्या मरणात होतं. आई गेली तेव्हा तात्या सरहद्दीवर होते. ते येईपर्यंत मढं ठेवलं होतं. आमच्याकडे दारात मढं असेपर्यंत घरातली चूल पेटत नाही, भावकीतलीसुद्धा नाही. तात्या गाड्या बदलत दीड दिवसाने पोचले तर समोरच्या गोदामावरच्या त्याच घराच्या कौलांतून धूर निघत होता. "आय दारात निजलेली आन् ह्यो पोरांच्या च्यापान्याला चूल पेटवून बसलाय!" त्या दिवशी जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. त्या उंबऱ्याला पाय लावणार नाही असं चारचौघांत बोलून गेले, आणि बोललेलं मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हा प्रसंग त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवला की मला त्या धुराचा ठसका लागायचा बाकी होता.

मी त्यांच्याशी जवळजवळ रोज भांडले. पोहण्याचा तलाव का नाही म्हणून एका परदेशी पाहुण्याने विचारलं, तर त्याला "कृष्णा हाय की" म्हणून नदीचा रस्ता दाखवला, त्यावरून भांडले. उशी कडक आहे म्हणणाऱ्या बाईला "घरी काय कापसाच्या गाडीत निजता काय?" विचारलं, त्यावरून भांडले. एकदा मात्र भांडता आलं नाही. दारू प्यालेल्या एका बड्या पाहुण्याने खोली आवरायला आलेल्या आमच्या मुलीचा हात धरला. तात्या स्वतः जिन्याने वर गेले, लिफ्टची वाटही पाहिली नाही, आणि त्याच्या दोन्ही बॅगा बोळात नेऊन टाकल्या. मागोमाग त्यालाही. वजनदार माणूस होता, त्याने ओळखीपाळखी काढल्या, फोन लावले. तात्या म्हणाले, "कुनाला बी लाव. येनाऱ्याचीबी ब्याग अशीच जाईल." त्या दिवशी मी त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी तो थंड आहे म्हणून परत पाठवला.

असं हॉटेल कसं चालणार? तोट्यात होतंच. शेवटी मी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेल कंपनीला गाठलं. वर्षभर त्यांच्यामागे लागले. मालकी तात्यांची, चालवायचं कंपनीने, आमच्यातल्या कुणालाही काढायचं नाही, एवढं त्यांनी तोंडी कबूल केलं. त्यांची माणसं दोन दिवस राहून सगळं बघणार आणि पसंत पडलं तर तिथेच सह्या करणार होती. नाही पडलं तर वर्षाच्या आत टाळं लागणार, हे लिफ्टवाल्यापासून शेफपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तात्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी मला वचन दिलं, "दोन दिस त्वांड उघडनार न्हाई." आणि पहिला दिवस खरंच उघडलं नाही. कंपनीचे मेहता म्हणून प्रमुख होते, ते मला म्हणाले, तुमचे मालक फार शांत आहेत. मी देवाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शेफचा फोन आला, "मॅडम, गॅस बंद आहे. किल्ली तात्यांच्या खिशात आहे." मी धावत गेले. तात्या भटारखान्याच्या मागच्या दारात उभे होते, चौकाकडच्या. समोर बाळासाहेबांच्या अंगणात माणसं जमलेली दिसत होती.

"बाळ्या गेला. पाटंला," ते म्हणाले. "समोर मढं हाय. ते उठंस्तवर हितं इस्तू पेटायचा न्हाई."

"तात्या, वर निम्म्याहून जास्त खोल्या भरल्यात. मेहता आठ वाजता नाश्त्याला उतरतील."

"उतरू द्या. केळी खातील."

"तुम्ही त्यांच्याशी बोलत नव्हता! इतक्या वर्षांत तोंड पाहिलं नाहीत त्यांचं!"

"बोलत न्हवतो म्हून भाऊ न्हवता व्हय?"

"मग जा ना समोर. इथे लोकांना उपाशी मारून काय मिळणार?"

"त्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई म्हनून बोललोय मी. आन् म्याडम, खोल्यातल्या त्या च्याच्या किटल्याबी गोळा करा. पानी तापलं म्हंजे चूलच ती."

मी शेफसमोर, वाढप्यांसमोर त्यांना वाटेल ते बोलले. हे दुःख नाही, ही जिरवाजिरवी आहे, असं म्हणाले. त्याने आईच्या वेळी पाळलं नाही ते मी त्याच्या वेळी पाळून दाखवतो, एवढंच तुमच्या मनात आहे आणि त्यापायी तुम्ही शंभर घरांच्या चुली विझवताय. तात्यांनी मान फिरवली नाही. मला अजूनही वाटतं, मी बोलले त्यातलं बरंचसं खरं होतं.

आठ वाजता मेहतांच्या पुढे चांदीच्या वाडग्यातून भडंग गेला. सोबत केळी, द्राक्षं, बेदाणे, दही आणि न भाजलेला पाव. चहा नाही, कॉफी नाही. मेहतांनी चमच्याने भडंग उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काही रचून सांगणार, तोवर तात्या आले. "भाऊ गेलाय माजा. आज इस्तू न्हाई." मेहता उठून उभे राहिले, सभ्य माणूस होता, दुःख व्यक्त केलं. मग विचारलं, दुपारच्या जेवणाचं काय? "मढं उठल्यावर." ते कधी? "त्याचा थोरला बंगळूरास्नं आल्यावर." मेहतांनी पुढे काही विचारलं नाही. दहा वाजता त्यांच्या बॅगा खाली आल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आम्ही कळवू." असं म्हणणारे काय कळवतात ते मला इतकी वर्षं रिसेप्शनला उभं राहून माहीत होतं. माझं वर्षभराचं काम बोळातून बाहेर पडताना मी डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर थोड्याच वेळात इस्लामपूरची एक तरुण मुलगी खाली आली. नवरा कामासाठी बाहेर गेलेला, कडेवर सात महिन्यांचं मूल, हातात फ्रिजमधल्या दुधाची बाटली. किटली तर आम्ही काढून नेलेली. मूल किंचाळत होतं. "मॅडम, एवढं कोमट करून द्या, बाकी काही नको." मी रागानेच सोफ्याकडे बोट केलं. "त्यांना विचारा. त्यांचा हुकूम आहे."

ती गेली. तात्या खेकसले, "येवढं बारकं पोर घिऊन हिंडता कशाला?" ती बिचारी रडायच्या बेताला आली. मूल रडतच होतं. तात्या त्याच्याकडे बघत बसले. मग एकदम उठले, तिच्या हातातली बाटली हिसकावल्यासारखी घेतली आणि भटारखान्यात गेले. मी मागोमाग. त्यांनी खिशातून किल्ली काढली, गॅस सोडला, एकच शेगडी पेटवली, पातेल्यात पाणी ठेवलं, त्यात बाटली. आमच्याकडे पाठ करून उभे. दुधाचा थेंब मनगटावर टाकून पाहिला, बाटली माझ्या हातात दिली, शेगडी विझवली, किल्ली परत खिशात. "दे जा," एवढंच म्हणाले. नंतर सोफ्यावर आले नाहीत. भटारखान्याच्या मागच्या दारात कांद्याच्या पोत्यावर बसून राहिले.

तीनच्या सुमारास समोरून तिरडी उठली. तात्यांनी टोपी काढली आणि उभे राहिले. मधे रस्ता होता, वीस-पंचवीस पावलांचा. पुतण्यांनी पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. कुणी "या" म्हटलं नाही. मरणाच्या दारी या म्हणत नसतात, पण न येणाऱ्याला म्हणायला हवं होतं की काय, मला कळत नाही. माणसं कृष्णेकडे निघून गेली तेव्हा तात्यांनी शेफला किल्ली दिली.

संध्याकाळी मी घरी येऊन आईपुढे सगळा राग ओकला. उद्या राजीनामा देणार म्हटलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांना कडू घास कुणी नेला?" ज्या घरचं माणूस गेलं त्या घरी त्या दिवशी स्वयंपाक होत नाही. सोयरे, शेजारी पिठलं-भाकरी घेऊन जातात आणि घरच्यांना दोन घास खायला लावतात, तो कडू घास. मी म्हटलं, त्यांच्या मालकीचा अख्खा भटारखाना आहे, कडू घास कसला नेतेस? "तो त्यांच्या घरचाच स्वयंपाक झाला," आई म्हणाली. "भाऊ गेलाय ना त्यांचा? मग कुणीतरी जायला नको?" गुडघे धरत तिने भाकऱ्या थापल्या, पिठलं हाटलं आणि डबा माझ्या हातात दिला. त्या माणसासाठी मी एक पाऊल उचललं नसतं. आईसाठी गेले.

दिवेलागण झाली होती. तात्या सोफ्यावर होते, दोन्ही पाय खाली. पाण्याखेरीज दिवसभर काही घेतलं नव्हतं, असं लिफ्टवाला म्हणाला. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, दोन्ही मुली परदेशात. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला, खरं तर आदळला.

"काय ह्ये?"

"कडू घास. आईने दिलाय."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. झाकणावर हात ठेवला आणि काढून घेतला. "मला चालत न्हाई. मढं दारात असताना पेटवलं मी."

"ते तान्ह्या मुलासाठी होतं!" मी ओरडलेच.

"बाळ्यानंबी पोरांसाठीच पेटवलं हुतं. मी सोडला का त्याला?" त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "समोर न्हिऊन दे."

"कुणी दिला म्हणून सांगू?"

"माजंच नाव सांग."

इतक्या वर्षांत मी तो रस्ता कधी ओलांडला नव्हता. वर ओसरीत दिव्यापाशी बाळासाहेबांची बायको सुमनकाकी बसली होती. धाकटा मुलगा मला पाहून पुढे आला, "तुमी कशाला आलाय हितं?" काकीने त्याला हाताने थांबवलं. डबा तात्यांनी पाठवलाय म्हटल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"आज त्या पंख्यांचा आवाज न्हवता दुपारपतूर," ती म्हणाली. "मला वाटलं बिघडलं असतील."

"तात्यांनी बंद ठेवले. मढं उठेपर्यंत चूल नको म्हणाले."

"आजून त्येच धरून बसल्यात व्हय!" काकीचा आवाज चढला. रडून बसलेला घसा होता, पण राग त्यातून नीट ऐकू येत होता. "मग जाऊन सांग त्यास्नी. त्या दिशी चूल मी पेटवली, ह्यांनी न्हाई. वाटीभर पेज केली. कुनाला च्या केला न्हाई का पोळी टाकली न्हाई. त्यांच्याच थोरल्या लेकीसाठी, शैलीसाठी केली. जाऊबाई बाळंतपनाला म्हायेरी, दोन वर्साची पोर माझ्यापाशी, तापानं फनफनलेली. दोन दिस पोटात काय न्हवतं तिच्या. डोळं फिरवाय लागली म्हून पेटवली."

"मग कधी सांगितलं का नाही?"

"ह्ये म्हनायचं, इचारलं तर सांगू. शपत घातलीती मला. थोरलं भावजी आलं, धूर बघितला, शिव्या घातल्या आन् गेलं. इचारलंच न्हाई त्यांनी. कवाच न्हाई." तिने डबा उचलून मांडीवर घेतला. "आता शपत घालनारा गेला. आता मी कशाला गप ऱ्हाऊ?"

मी परत आले. तात्यांनी विचारलं, "घेतला?" घेतला म्हटलं. मग काकी जे बोलली ते सगळं सांगितलं, एकेक शब्द. गोड करून, सावरून सांगावं असं मला वाटलं नाही. सकाळपासूनचा राग माझ्यात होता आणि तो मी लपवला नाही. ते हॉटेल पुढे बंद पडलं, आम्ही सगळे चार दिशांना गेलो, मी साताऱ्याला परतले आणि तिथल्या एका लहान लॉजवर काम धरलं. या सगळ्याबद्दल मी तात्यांना माफ केलेलं नाही. ते गेल्याचं कळलं तेव्हाही केलं नाही.

पण त्या संध्याकाळी माझं बोलून संपल्यावर ते सोफ्यावरच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. पाहुणे येत होते, बॅगांची चाकं वाजत होती, त्यांनी एकालाही काही म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळले. फौजेतला तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"पेज प्याली का गं ती?"

ते मी विचारलं नव्हतं.